खरेदी सांगा, पण वर्षभराने

डिसेंबर २०१७मध्ये एका आयफोनधारकाने आपला अनुभव इंटरनेटवर लिहिला. त्याचा ६एस हा फोन फार मंदावला होता. नवा फोन घेण्याऐवजी त्याने बॅटरी बदलून पाहिली, तर तोच फोन पुन्हा पळायला लागला. बॅटरी बदलण्याआधीचे आणि नंतरचे वेगचाचणीचे आकडे त्याने शेजारी शेजारी मांडले, बाकी काही केलं नाही. ती वेगचाचणी तयार करणाऱ्या जॉन पूल यांनी मग आपल्याकडे जमलेल्या कितीतरी फोनांच्या नोंदी तपासल्या आणि १८ डिसेंबरला त्यांचे आलेख प्रसिद्ध केले. सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्तीनंतर अनेक फोन कमी वेगावर अडकल्याचं त्यात स्वच्छ दिसत होतं. दोनच दिवसांत अ‍ॅपलने मान्य केलं, की जुन्या बॅटरीवर ताण येऊन फोन अचानक बंद पडू नये म्हणून आम्ही त्याचा वेग कमी करतो. महिना संपायच्या आत कंपनीने जाहीर माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे २०२०मध्ये फ्रान्सने कंपनीला २.५ कोटी युरोंचा दंड केला, आणि अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची भरपाई द्यायचं कंपनीने कबूल केलं.

२०१८मध्ये फोनमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय आली, तीही याच प्रकरणातून. आज नाशिक असो की नांदेड, वापरलेला आयफोन घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, ‘बॅटरी हेल्थ किती?’ ८५ टक्के असेल तर एक भाव, ७८ टक्के असेल तर दुसरा. हा प्रश्न विचारण्याची ताकद सामान्य गिऱ्हाइकाला मिळाली, ती एका माणसाने आपल्या खरेदीबद्दल मोकळेपणाने सांगितलं म्हणून. आणि त्याने सांगितलं कधी? खोकं उघडलं त्या दिवशी नव्हे. वस्तू भरपूर वापरून झाल्यावर, ती कुठे कमी पडते हे कळल्यावर.

आपण मात्र खरेदीबद्दल जे बोलतो, ते सगळं पहिल्या दिवसाचं असतं. दसऱ्याला किंवा पाडव्याला नवा टीव्ही घरात येतो, त्याला हळदकुंकू लागतं, फोटो निघतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘अभिनंदन’चा पाऊस पडतो. त्या आनंदाबद्दल माझ्या मनात जराही आकस नाही. पै पै साठवून घेतलेली वस्तू चार माणसांना दाखवाविशी वाटणं ही अगदी निर्मळ गोष्ट आहे. पण त्या दिवशी घेणाऱ्याला वस्तूबद्दल काहीच ठाऊक नसतं. जाहिरातीत जे वाचलं तेच तो पुढे सांगतो. जेव्हा त्याला खरंच काही ठाऊक होतं, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी, तेव्हा तो गप्प असतो. या गप्प बसण्याची किंमत आपण सगळे मिळून मोजतो, असं मला ठामपणे वाटतं.

मराठी मध्यमवर्गात याच्या अगदी उलट शिकवण आहे. खरेदीची वाच्यता करू नये, घेतलं तर घेतलं, चार भिंतींत ठेवावं, दुसऱ्याच्या डोळ्यांवर कशाला आणायचं. या शिकवणीमागे सद्भावना आहे आणि ती मी हलक्याने घेत नाही. वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या तीन मुलांपैकी दोघांच्या हातात नवे फोन आले, की तिसऱ्याच्या घरी काय बोलणं होतं ते अनेक आईवडिलांना माहीत आहे. २०२०मध्ये शाळा फोनमध्ये शिरली, तेव्हा ज्यांच्या घरी एकच साधा फोन होता त्या मुलांनी आपल्या वयाला न पेलणारी लाज सोसली. दुसऱ्याची वस्तू पाहून होणारी जखम खोटी नाही.

तरीही गप्प बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याचा सर्वांत जास्त तोटा ज्याच्या खिशात कमी आहे त्यालाच होतो. ज्याला परवडतं त्याचा फोन वाईट निघाला, तर तो कपाटात जातो आणि दुसरा येतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी मुलीच्या बारावीसाठी हप्त्यावर घेतलेला फोन वाईट निघाला, तर हप्ते संपेपर्यंत तो वाईट फोनच वापरावा लागतो, आणि पुढची खरेदी चार-पाच वर्षं लांबते. चुकायला जागाच नसते अशा घराला, आधी घेतलेल्यांचा अनुभव सोन्याच्या मोलाचा असतो. ज्या घरांत ती बाई काम करते, त्या घरांत तोच फोन वापरून कंटाळून ठेवून दिलेला असेलही. कोणी तिला सांगितलेलं नसतं आणि तिनेही विचारलेलं नसतं, कारण अशा गोष्टी बोलायच्या नसतात असं दोन्हीकडे मानलं जातं.

आपण गप्प बसलो तरी बाजार गप्प बसत नाही. ती जागा पैसे घेऊन केलेली स्तुती भरून काढते. याची दखल सरकारने घेतली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींना बजावलं, की पैसे, फुकट वस्तू किंवा प्रवास असं काही घेतलं असेल तर ते साध्या भाषेत, दिसेल अशा जागी सांगा. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं.

समजा, हे सगळे नियम तंतोतंत पाळले गेले. तरीसुद्धा अडचण उरतेच. अत्यंत प्रामाणिक परीक्षकाकडेही फोन बाजारात येण्याआधी आठवडा-दोन आठवडे असतो. कॅमेरा कसा, पडदा कसा, चार्जिंग किती वेगाने होतं, हे तो सचोटीने सांगतो. उन्हाळ्यात दोन वर्षं वापरल्यानंतर बॅटरी किती टिकते, लातूरच्या सेवा केंद्रात पडदा मिळायला किती आठवडे लागतात, तिसऱ्या वर्षी सॉफ्टवेअरची अद्यतनं खरंच येतात का, हे त्याला सांगता येणं शक्यच नाही. गूगलच्या पिक्सेल ८ या फोनने ऑक्टोबर २०२३मध्ये आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ने जानेवारी २०२४मध्ये सात वर्षांच्या अद्यतनांचं वचन दिलं. ते वचन पाळलं गेलं की नाही, हे २०३०च्या सुमारास तेच फोन हातात असलेली माणसंच सांगू शकतील.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला मालातले दोष माहीत आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत अशा बाजारात चांगला माल हळूहळू हटतो. त्यांना २००१मध्ये नोबेल मिळालं. नव्या उपकरणांच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद आहे. कोणत्या मॉडेलचा कोणता भाग कितव्या महिन्यात जातो, हे कंपनीला सुट्या भागांच्या खपावरून नेमकं कळतं. आपल्यातल्या प्रत्येकाकडे मात्र त्या माहितीचा एकच तुकडा असतो, आपल्या घरातला. तुकडे जोडायचा मार्ग एकच, एकमेकांना सांगणं.

आमच्या घरच्या वॉशिंग मशीनवर ‘मोटरला १० वर्षं वॉरंटी’ असं ठसठशीत छापलेलं होतं. बिघडला तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आणि त्याची वॉरंटी केव्हाच संपलेली होती. नव्या बोर्डाची किंमत ऐकून जुनं मशीन काढून टाकावं असंच वाटलं. सहज म्हणून इमारतीत चौकशी केली, तर त्याच मॉडेलचा तोच बोर्ड आणखी दोन घरांत गेलेला होता. एका घराने मुकाट्याने पैसे भरले होते, दुसऱ्याने मशीन भंगारात दिलं होतं. दोघांनीही ते आपलं नशीब समजून सोडून दिलं होतं. तिघांनी एकत्र बसून ही गोष्ट आधीच बोलली असती, तर तक्रार करण्याजोगा दोष म्हणून तिच्याकडे पाहता आलं असतं. एसीचंही तसंच आहे. १० वर्षांची मोठी वॉरंटी कॉम्प्रेसरची असते. गॅस, बोर्ड, कॉइल यांची मुदत निराळी, बहुधा कमी. हे घेताना कोणी वाचत नाही. जो एकदा त्यातून गेला आहे तो दोन वाक्यांत समजावू शकतो.

अनुभव सांगताना जागा सांगणं फार महत्त्वाचं आहे, आणि इथे आपल्या लोकांकडे जे आहे ते कुठल्याही परीक्षकाकडे नाही. मालवण, रत्नागिरी किंवा पणजीत समुद्राजवळ एसीचा बाहेरचा भाग बसवला, की खाऱ्या हवेने त्याच्या पात्या आणि कॉइल गंजायला लागतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत टीव्हीच्या आतले जोड खराब होतात. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे बोअरचं जड पाणी गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढवतं, वॉशिंग मशीनच्या जाळ्या तुंबवतं, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पडदा वेळेआधी निकामी करतं. गावाकडे विजेचा दाब सारखा खालीवर होतो, तिथे स्टॅबिलायझर लावला होता की नाही यावर फ्रिजचं आयुष्य ठरतं. महानगरातल्या वातानुकूलित खोलीत बसून केलेल्या परीक्षणात यातलं काही येत नाही. ‘आमच्याकडे बोअरचं पाणी आहे आणि हे मशीन चौथ्या वर्षीही नीट चाललंय’ हे एक वाक्य त्या तालुक्यातल्या घरांना शंभर तारांकित अभिप्रायांहून जास्त उपयोगाचं आहे.

‘एका माणसाच्या अनुभवावरून काय ठरतं?’ असा आक्षेप येतो. एकट्या अनुभवावरून खरंच काही ठरत नाही. ६एसच्या प्रकरणातही एका माणसाचं लिखाण हा पुरावा नव्हता. त्यामुळे शंका जागी झाली, आणि मग हजारो नोंदींनी ती सिद्ध केली. म्हणूनच ‘बकवास आहे, घेऊ नका’ किंवा ‘एक नंबर’ अशा शेऱ्यांचा उपयोग नाही. कोणतं मॉडेल, कधी घेतलं, रोज किती वापरलं, काय बिघडलं, दुरुस्तीला किती दिवस आणि किती रुपये लागले, एवढं सांगितलं की ती नोंद होते आणि दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहता येते.

किंमतही सांगावी. आपल्या आजीआजोबांची पिढी ‘केवढ्याला पडलं?’ असं सरळ विचारायची. आता ते अशिष्ट मानतात, आणि मला ही सुधारणा वाटत नाही. तोच फोन एका कार्डावर एका किमतीला मिळतो, जुना फोन बदलून दिला की दुसऱ्या, सणाच्या सेलमध्ये तिसऱ्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्याला आदल्या आठवड्यात कोणीतरी प्रत्यक्ष मोजलेली किंमत माहीत असेल, तर त्याला घासाघीस करता येते. नसेल, तर दुकानदार सांगेल तो भाव.

त्याहून जास्त लपते ती हप्त्याची किंमत. सप्टेंबर २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट शब्दांत सांगितलं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज प्रक्रिया शुल्कात दडवून गिऱ्हाइकाकडूनच घेतलं जातं. त्यानंतर ‘नो कॉस्ट ईएमआय’ हा प्रकार रुळला. उदाहरणादाखल हिशेब पाहा. ३०,००० रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर ५,००० रुपयांच्या सहा हप्त्यांनी घेतला आणि व्याजदर १५ टक्के असला, तर व्याज साधारण १,२७० रुपये होतं. तेवढी सवलत सुरुवातीला दिल्याचं दाखवतात, म्हणून वरवर खर्च शून्य. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २२९ रुपये. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. रोख देणाऱ्याला दुकानदार काही सूट देत असेल, तर ती गेली ते निराळंच. रक्कम कोणाला छोटी वाटेल. पण एकाच घरात फोन, फ्रिज आणि लॅपटॉप असे तीन हप्ते चालू असतात, आणि एक चुकला की दंड लागतो. फोटोतल्या नव्या वस्तूमागे हे हप्ते दिसत नाहीत, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की यांना सहज जमलं, आपल्यालाच जमत नाही. हप्ता सांगितला की तो गैरसमज जातो. वर मी ज्या जखमेबद्दल लिहिलं, तिच्यावर मला सुचणारा खरा उपाय हाच आहे. वर्षभर जुन्या वस्तूबद्दल, तिच्या हप्त्यांसकट आणि दोषांसकट बोलणाऱ्या माणसाचा कोणाला हेवा वाटत नाही.

परदेशी असलेल्या नातेवाइकांकडून वस्तू मागवणाऱ्यांनाही अशा बोलण्याची गरज आहे. अमेरिकेत विकला जाणारा आयफोन १४पासून सिमकार्डाच्या खाचेविना येतो, फक्त ईसिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम चालतं. सॅन होजेहून भावाने हौसेने आणलेला फोन कोल्हापुरात आईच्या हाती दिल्यावर हे कळण्यापेक्षा, आधी कोणीतरी सांगितलेलं बरं. सांगताना बिलाचा फोटो मात्र टाकू नये. त्यावर फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक, पत्ता, फोन नंबर असं बरंच असतं आणि त्याचा गैरवापर होऊ शकतो.

आपल्या राज्याला हे नवं नाही. मुंबईत १९६६मध्ये काही महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी केली. ‘कीमत’ हे तिचं नियतकालिक. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबं संघ करून धान्य आणि घरगुती जिन्नस एकत्र घेऊ लागली, आणि त्या वाटपाच्या निमित्ताने कोणती डाळ बरी, कोणता साबण नको, हे उघड बोललं जाऊ लागलं. शेजाऱ्याशी खरेदीबद्दल बोलणं हे तिथे ग्राहकाचं कर्तव्य मानलं गेलं. डाळ-तांदळाबाबत जे आपण शिकलो, ते हजारो रुपयांच्या यंत्रांना लावलं नाही, याची मला खंत वाटते. अमेरिकेत १९३६पासून चालणारी कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था जाहिराती घेत नाही, चाचणीची वस्तू दुकानातून स्वतः विकत घेते आणि सभासदांच्या घरातल्या वस्तू कितपत टिकल्या याची माहिती नियमित गोळा करते. तसं मोठं काम मराठीत उभं राहावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे, पण त्याची वाट पाहत थांबायचं कारण नाही.

सरकारकडून मागण्यासारखंही पुष्कळ आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे १०पैकी गुण छापावे लागले. युरोपीय संघात २० जून २०२५पासून फोन आणि टॅब्लेटवर दुरुस्तीयोग्यतेची श्रेणी दाखवणं सक्तीचं झालं. महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळायला हवेत आणि ८०० चार्जिंगनंतर बॅटरीत निदान ८० टक्के क्षमता उरायला हवी, अशाही अटी आल्या. भारतात डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू झालं, आणि दुरुस्ती निर्देशांकावरच्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. हे गुण खोक्यावर सक्तीने छापले गेले पाहिजेत. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. आमच्या इमारतीतलं भंगारात गेलेलं मशीनही अशाच ढिगाचा भाग झालं.

तक्रारीची संख्या दिसली की यंत्रणा हलते, हेही आपण पाहिलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे वर्षभरात ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरबद्दल १०,६४४ तक्रारी आल्या, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. बहुतेक तक्रारी सोडवल्याचं कंपनीने कळवलं. तो आकडा तयार झाला तो हजारो माणसांनी १९१५ हा क्रमांक फिरवून किंवा अर्ज भरून आपापलं सांगितलं म्हणूनच.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत, गावच्या वाचनालयात, बचत गटाच्या बैठकीत एक वही ठेवता येईल. वस्तूचं नाव आणि मॉडेल, घेतल्याचा महिना, प्रत्यक्ष मोजलेली किंमत, हप्ता असल्यास त्याचा एकूण खर्च, पाणी आणि विजेची स्थिती, झालेले बिघाड, दुरुस्ती कोणी केली आणि किती घेतले, आणि पुन्हा हीच वस्तू घ्याल का. नोंद करायची अट एकच, वस्तू किमान वर्षभर वापरलेली हवी. ६० घरांच्या इमारतीत एवढ्यानेच शेकडो यंत्रांची माहिती जमेल. बचत गटातली एखादी बाई पुढच्या महिन्यात मिक्सर किंवा फोन घ्यायला निघेल, तेव्हा ती आधी ती वही उघडेल आणि त्यातली तीन-चार नावं लिहून घेऊन मगच दुकानात जाईल.